टेहळ्याची नजर

फॉल रिव्हर,
१२ मे १९९६

चि. बेल्मीरो यास,
अ. उ. आ. वि. वि.

ईस्टरला पाठवलेलं तुझं पत्र पोचलं. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू सगळं झकास आहे म्हणतोस आणि गाय ओरडतेय असं सांगून ठेवून देतोस. कागदावर माणसाला थोडा तरी विचार करावा लागतो.

नॉर्बेर्तोची मेना आता एकवीस वर्षांची झाली. कॉलेजात समुद्रातले प्राणी शिकते. माझ्या नकळत तिने तुमच्या ग्वालबेर्तोला पत्र लिहून त्याच्या रबरी होडीवर उन्हाळाभराचं काम मिळवलंय, पाहुण्यांना देवमासे दाखवायचं. नॉर्बेर्तो म्हणतो की आई, आता कोणी भाला मारत नाही, लोक नुसते फोटो काढतात. त्याला काय सांगू? त्याचा बाप गेला त्या दिवशी तो बारा वर्षांचा होता आणि शाळेत होता. त्याने काही पाहिलं नाही. समुद्राला भाला काय आणि फोटो काय, सगळं सारखंच.

झोप उडाली आहे माझी. शेवटी मी तिला एक अट घातली. ती पाण्यावर असेल तेवढा वेळ तू वर टेकडीवरच्या टेहळणीच्या खोलीत असला पाहिजेस, दुर्बीण डोळ्याला लावून. शिकारीत त्याच्या बापाला, अल्वारीनोला, भाल्याच्या दोराने ओढून नेलं ते वरून सगळ्यात आधी तू पाहिलंस, आणि दुसऱ्या कोणाला न पाठवता स्वतः धावत खाली येऊन मला सांगितलंस. बाकीचे तेव्हा अजून शोध चालू आहे म्हणत होते. तेव्हापासून मी जगात एकाच माणसाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत आले आहे. तू हो म्हणालास तरच मी तिला सोडीन. तुझं उत्तर येईपर्यंत तिकीट काढायचं नाही, असं बजावलंय.

आणि हो, तिला एकटीने डोंगरावर चढू देऊ नकोस. डोंगराने ढगाची टोपी घातली की आपले बाप्येसुद्धा परत फिरायचे, हे तिला पुस्तकात कोणी शिकवलेलं नसणार.

एर्मेलिंदाला आशीर्वाद. तिच्या पोटाचं दुखणं कसं आहे ते कळव. माया आहेच, काळजी जास्त झाली आहे, ती तुझ्या उत्तराने कमी कर.

तुझी,
देओलिंदाताई


सांता बार्बारा, पिको बेट
२८ मे १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. हो. एकदा नाही, तीनदा हो. पोरीला पाठवून दे. ती पाण्यावर असेल तेव्हा मी वर असेन, आणि मी वर नसेन तेव्हा ती पाण्यावर नसेल. झालं समाधान?

तू म्हणजे ना ताई, तिकडे एकतीस वर्षं राहिलीस पण काळजी मात्र इकडचीच खातेस. ग्वालबेर्तो सगळ्यांना फुगीर जाकिटं घालतो. बायका त्यात कोबीच्या गड्ड्यांसारख्या दिसतात. टेकडीवरून मी रेडिओवर सांगतो, अमुक दिशेला, इतक्या अंतरावर, मोठा नर, श्वासाचा फवारा डावीकडे तिरका. खालचे तिकडे जातात, फोटो काढतात, ओ ओ करतात आणि जेवायला परत येतात. पूर्वी याच कामाला आम्हाला निम्मा जन्म पुरत नसे.

परवा पवित्र आत्म्याचा सण झाला. यंदा सूपमधलं मांस थोडं चिवट होतं, पण पुदिना भरपूर होता, म्हणून कोणी बोललं नाही. एर्मेलिंदाचं पोट अधूनमधून दुखतं. डॉक्टर पित्ताशयात खडे आहेत म्हणतो. पण घरी बसवत नाही तिला. हल्ली सकाळीच डबा घेऊन माझ्याबरोबर खोलीत येते ती संध्याकाळपर्यंत बसते. वरची हवा मानवते म्हणते. मी म्हटलं, लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर तुला माझी हवा मानवायला लागली का!

अक्षर मोठं आलंय त्याला हसू नकोस. या पेनाची शाईच फार उतरते.

मेनासाठी माडीवरची खोली झाडून ठेवली आहे. तुझा हात डोक्यावर राहू दे, आणि तो हात कपाळाला लावून बसणं सोड.

तुझा धाकटा,
बेल्मीरो


सांता बार्बारा
३० जून १९९६

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

आजी, मी नीट आहे. हे पहिलंच वाक्य असलं पाहिजे असं बाबांनी बजावलं होतं. आता पुढचं.

तू मला इथलं काहीच कधी धड सांगितलं नाहीस! इथली वाळू काळी असते, आणि दुपारी त्यावर अनवाणी चालता येत नाही, हेसुद्धा नाही. पहिल्याच दिवशी मी माकडासारखी उड्या मारत पाण्यात गेले आणि किनाऱ्यावरच्या बायका पोट धरून हसल्या. लाव्हाच्या दगडातल्या तळ्यांमध्ये मी रोज पोहते. पाणी इतकं स्वच्छ की तळाला बसलेले खेकडे मोजता येतात. रविवारी एका लाव्हाच्या बोगद्यात गेलो होतो. आत थंडगार होतं आणि छतातून थेंब मानेवर पडत होते. डोंगरावर अजून गेले नाही, शपथ. तो रोज टोपी घालून बसतो.

आणि देवमासे! काल एक मादी आणि तिचं पिलू होडीपासून पन्नास हातांवर होते. पिलाने आमच्याकडे वळून पाहिलं असं मला वाटलं. ग्वालबेर्तोकाका म्हणाले की ते सगळ्यांनाच तसं वाटतं. डॉल्फिन तर इतके येतात की पाहुणे तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे बघतही नाहीत. संध्याकाळी कागारो पक्षी कड्यावर परततात तेव्हा तान्ह्या बाळांसारखे रडतात. पहिल्या दिवशी मी घाबरून मामीआजीला हाक मारली होती.

मामाआजोबांचा इथे काय दरारा आहे! होडीतून आम्हाला चार लाटांपलीकडचं दिसत नाही, म्हणून ते वरून सांगतील तिकडे डोळे मिटून जायचं. एकदा मी म्हटलं की मला उजवीकडे काहीतरी दिसल्यासारखं वाटतंय, तर काका म्हणाले की बेल्मीरोने डावीकडे सांगितलंय ना, मग डावीकडेच. या गावात टेहळ्याला उलट विचारायची पद्धत नाही.

सुट्टीच्या दिवशी मी वर खोलीत जाऊन बसते. मामीआजी दुर्बिणीतून बघत पुटपुटत असते आणि मामाआजोबा तेच मोठ्याने रेडिओवर सांगतात. परवा मामीआजी पाणी आणायला गेली तेव्हा ते दुर्बीण लावून समुद्र बघत बसले होते, आणि दुर्बिणीच्या काचांवरची झाकणं तशीच! मी सांगितलं तर म्हणाले की तुझं लक्ष आहे का ते पाहत होतो. असे मिस्कील आहेत ते.

बाबांना माझा नमस्कार. तुझी काळजी माझ्या वाटणीची तेवढी पाठव, बाकीची तिथेच ठेव.

तुझी,
मेना


फॉल रिव्हर,
१२ जुलै १९९६

चि. सौ. एर्मेलिंदा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. पोस्टमनकडून स्वतः घे.

मेनाचं पत्र आलं. ती भोळी आहे, तिला त्यात गंमत वाटली. मी ते पत्र चारदा वाचलं. आमचे वडील शेवटी शेवटी असेच करायचे. दार कुठे आहे ते हाताने चाचपून बघायचे आणि भिंतीचा रंग उडालाय का ते बघत होतो म्हणायचे.

किती दिवस झाले? खरं सांग. तो स्वतः बघून बोलतो, की तू बघितलेलं बोलतो? माझी नात कोणाच्या नजरेवर समुद्रात जाते आहे, एवढंच मला सांग. मी त्याला विचारलं असतं, पण तो मला तीनदा हो म्हणाला आहे. त्याला चौथ्यांदा खोटं बोलायला लावायचं माझ्या जिवावर येतं.

पत्र मिळाल्याबरोबर लिही. तुझ्यावर राग नाही. म्हणजे आहे, पण तो उत्तर आल्यावर बघू.

तुझी,
देओलिंदा


सांता बार्बारा
२५ जुलै १९९६

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

मला लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

दोन वर्षं झाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आधी लांबचं धुरकट झालं, मग सगळंच. डॉक्टर म्हणतो काढता येतो, पण मामंजींचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना होतं तेवढंही दिसेनासं झालं, ते यांच्या डोक्यात बसलंय. डॉक्टरचं नाव काढलं की गोठ्यात जाऊन बसतात.

मी बघते आणि हे बोलतात. मी म्हटलं होतं की मीच बोलते रेडिओवर, तर म्हणाले की बाईच्या आवाजावर होडी वळवणारा माणूस या बेटावर अजून जन्मायचाय. लोक हसतील, आणि मग त्यांना खोलीत कोण बसू देणार? ती खोली गेली तर हे माणूस राहणार नाहीत हो वन्सं. मी रोज बघते त्यांना. वर असले की बोलतात, चिडवतात, गातात. घरी आले की भिंतीकडे तोंड करून बसतात.

मेनाला मी माझ्या नजरेआड होऊ देत नाही. मला चांगलं दिसतं. खरं सांगायचं तर यांना तरुणपणी दिसायचं त्याहून चांगलं. श्वास कुठला आणि खडकावर फुटलेली लाट कुठली, ते मी शिवण शिवता शिवता सांगते. देवमासा सरकतो, खडक जागेवर राहतो, एवढंच तर बघायचं असतं.

पण एक अडचण आहे. माझ्या खड्यांचं ऑपरेशन सात ऑगस्टला समोरच्या बेटावर होर्ताच्या इस्पितळात ठरलंय. आठ-दहा दिवस मी नसणार. यांनी वेदीपुढे शपथ घेतलीय की पाठ धरली असं सांगून तेवढे दिवस खोली बंद ठेवतील. ठेवतील. शपथ मोडणारे नाहीत ते.

वन्सं, पाया पडते, कोणाला सांगू नका. मी परत आले की त्यांना डॉक्टरकडे नेते, हात धरून नेते. तुमचा राग माझ्यावर काढा, त्यांच्यावर नको.

तुमची,
एर्मेलिंदा


सांता बार्बारा
११ ऑगस्ट १९९६

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

आजी, मी नीट आहे. फोनवर तीन मिनिटं तू नुसती रडलीस, त्यामुळे मी काहीच सांगू शकले नाही. सगळं लिहिते म्हणजे तुझ्या मनात त्याहून वाईट काही येणार नाही.

मामीआजी होर्ताला गेल्यावर दोन दिवस खोली बंद होती. आम्ही सकाळ-दुपार समुद्रावर भटकत होतो आणि एकही देवमासा मिळाला नाही. दूरवरून आलेले पाहुणे कुरकुरायला लागले. नऊ तारखेला सकाळी ग्वालबेर्तोकाका घरी आले आणि मामाआजोबांना म्हणाले की पाठ दुखत असेल तर खुर्चीवर उशी देतो, पण तासभर तरी वर बसा, तुमच्याशिवाय आम्ही आंधळे आहोत. मामाआजोबा उठले. मग टोपी घालून निघाले. मी त्यांच्या हाताला धरून त्यांना वर नेऊन बसवलं आजी, आणि मला काही कळलं नाही.

अकराच्या सुमाराला रेडिओवर त्यांचा आवाज आला, की पूर्वेला कड्याच्या बाजूला श्वास दिसतोय, एकाच जागी, दर बारा-तेरा सेकंदांनी, मोठा नर विसावलेला असणार. आम्ही नऊ जण होतो. ऊन समोरून येत होतं आणि पाण्यावर काही दिसत नव्हतं. जवळ गेल्यावर मला पाण्याचा रंग फिका वाटला. मी काकांना म्हटलं की इथे खोल नाहीये. काका म्हणाले की बेल्मीरोने श्वास सांगितलाय म्हणजे श्वासच. पुढच्याच क्षणी खालून दगड लागला. पंखा तुटला, इंजिन बंद पडलं आणि होडी बाजूला कलंडून परत सरळ झाली. लाट फुटत होती त्या बुडीत खडकावर आम्ही गेलो होतो. प्रत्येक लाट आम्हाला उचलून कड्याकडे ढकलत होती. लाव्हाचे ते सुळके तू पाहिलेले आहेस.

काका रेडिओवर ओरडले. मग मामाआजोबा अगदी हळू बोलले. म्हणाले की मला तुम्ही दिसत नाही. दोन वर्षं काही दिसत नाही. माझ्या शब्दावर कोणी जाऊ नका. आणि मग त्यांनी फटाक्याचा बाण आकाशात उडवला.

शिकारीच्या दिवसांतला बाण, देवमासा दिसला की गावाला हाक द्यायला उडवायचे तो. अकरा वर्षांत उडाला नव्हता. सगळं गाव जेवायला बसत होतं. नंतर मला लोकांनी सांगितलं की म्हातारे हातातली भाकरी टाकून धावले. का धावतोय ते कोणालाच माहीत नव्हतं, पाय आपोआप निघाले. आता शर्यतीसाठी ठेवलेली शिकारीची जुनी लांब होडी त्यांनी पाण्यात ढकलली. सात जण, सगळ्यात तरुण एकसष्ट वर्षांचा. वल्ही मारत आले ते शिव्या देत, धापा टाकत, आणि पूर्वी भाला मारणाऱ्याने पुढे उभं राहून आमच्याकडे दोर फेकला. पहिल्याच फेकीत. मागून मासेमारीची मोटरबोट आली आणि तिने दोन्ही होड्यांना ओढून बाहेर काढलं. कडा तेव्हा माझ्या हाताला लागेल इतका जवळ होता. एका पाहुणीचं मनगट मोडलं, माझ्या कपाळाला दोन टाके पडले. बस, एवढंच.

आजी, मला परत बोलावू नकोस. बाबांनाही सांग. आणि मामाआजोबा माझ्याशी बोलत नाहीत, त्यांना तू काहीतरी लिही.

तुझी,
मेना


सांता बार्बारा
१८ ऑगस्ट १९९६

ती. ताईस,
सा. न.

वि. वि. काय लिहायचं ते सुचत नाही.

हे पत्र मी सांगतो आहे आणि मेना लिहिते आहे. तिने बसून लिहायचं कबूल केलं हेच खूप झालं. मधूनमधून ती नाक ओढते, ते मी लिहायला सांगितलेलं नाही.

मी शपथ मोडली. ग्वालबेर्तो म्हणाला की तुमच्याशिवाय आम्ही आंधळे आहोत, आणि ताई, मला ते इतकं गोड लागलं की पोरगी त्या होडीत आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पांढरं काहीतरी उठत होतं तेवढं दिसलं. ते सरकत नाही, हे मला कळायला हवं होतं. आठ वर्षांच्या पोराला कळतं. मला त्याचं सरकणं न सरकणं दिसत नव्हतं, आणि दिसत नाही म्हणायला जीभ वळेना. इंजिन बंद पडल्याचं ऐकलं तेव्हा वळली.

गावात कोणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. ग्वालबेर्तो परवा आला आणि टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. मला वाटलं मला काढून टाकायला आला. तो एर्मेलिंदाला भेटायला आला होता. पोटाचे टाके निघाले की वर बसशील का, असं त्याने तिला विचारलं. ती म्हणाली की मी बोलेन, पण उलट उत्तर खपवून घेणार नाही. जुनी माणसं आता टेकडीच्या वाटेला तिच्यासाठी पायऱ्या खणतायत. माझ्यासाठी चाळीस वर्षांत कोणी एक दगड हलवला नव्हता.

तू मला एकच काम सांगितलं होतंस. माफी माग म्हणून मी स्वतःला रोज सांगतो, पण कुठल्या तोंडाने मागू? तू पत्र लिहिलं नाहीस तरी मी समजेन. लिहिलंस तर जेवढा राग असेल तेवढा सगळा घाल, मेना वाचून दाखवील, काही गाळणार नाही असं तिने कबूल केलंय.

तुझा,
बेल्मीरो


फॉल रिव्हर,
२९ ऑगस्ट १९९६

चि. बेल्मीरो यास,
अ. उ. आ. वि. वि.

मेना, हे मोठ्याने वाच आणि रडत वाचू नकोस.

तू मागितलास तेवढा राग माझ्याकडे होता. पहिले आठ दिवस मी तो पोळी लाटल्यासारखा लाटत बसले. तुझ्या डोळ्यांबद्दल नाही रे. डोळे काय, सगळ्यांचेच जातात. तीनदा हो लिहिलंस त्याबद्दल. एकदा ‘नाही’ असं लिहिलं असतंस तर मी तुझ्यावर आयुष्यभर माया केली असती, आणि ती तशीही केलीच असती, एवढं तुला कळू नये?

पण आता तू ऐक. एर्मेलिंदाचं पत्र मला पाच ऑगस्टला मिळालं. तिने सगळं लिहिलं होतं. मी फोन हातात घेतला. मेनाला दोन वाक्यं सांगायची होती, की पाण्यावर जाऊ नकोस, मामाआजोबांना दिसत नाही. मग वाटलं की तुझी खोली जाईल, गाव हसेल, एर्मेलिंदा पाया पडते आहे, आणि आठ दिवसांचाच तर प्रश्न आहे, शपथ घेतली आहे त्याने. मी फोन खाली ठेवला. नऊ तारखेपर्यंत चार दिवस होते माझ्याकडे. मला सगळं दिसत होतं, आणि मी गप्प बसले. त्या पोरीच्या कपाळावरचा एक टाका तुझा आहे, दुसरा माझा. नॉर्बेर्तोला मी हे सांगितलं. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.

मेनाला परत बोलावणारं पत्र मी लिहिलं आणि फाडलं. एर्मेलिंदा वर बसणार असेल तर पोरीला पाण्यावर जाऊ दे. भीती माझी मला पुरेल, ती तिच्या गळ्यात कशाला बांधू?

अठरा सप्टेंबरला पोंता देल्गादाच्या इस्पितळात तुझा पहिला डोळा आहे. तारीख एर्मेलिंदाने आणि मी फोनवर ठरवली, तुला विचारलेलं नाही. गोठ्यात जाऊन बसलास तर गाय बाहेर काढून मी आत येऊन बसेन. कारण मी येते आहे. चौदा तारखेला होर्ताला विमानाने उतरून दुपारच्या बोटीने पिकोवर मदालेनाला. एकतीस वर्षं मी बोटीत पाय ठेवलेला नाही. ती अर्ध्या तासाची खाडी मी कशी ओलांडणार ते देवालाच ठाऊक. पण तुला एकट्याला त्या टेबलावर झोपू देणार नाही. वडिलांच्या वेळी बाहेर बाकावर आपण दोघं होतो. या वेळी तू आत असशील तर बाहेर कोणीतरी हवं.

धक्क्यावर गर्दी असेल. मी ओळखू येणार नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. तुझे डोळे धड असते तरी ओळखलं नसतंस. तू पाहिलेली देओलिंदा चौतीस वर्षांची होती, काळ्याभोर केसांची. आता उतरेल ती एक जाडी, पांढरी, घाबरलेली म्हातारी. तेव्हा कोणाला हाका मारू नकोस, कोणाच्या मागे जाऊ नकोस. जिथे असशील तिथेच उभा राहा.

मीच येऊन तुझा हात धरीन.

तुझी, अजून रागावलेली,
देओलिंदाताई